‘जरा हसा’ म्हणू नका!

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत वाचलेले भाषण)



आज मला इथे बोलायला उभे केले आहे खरे, पण माझे पाय कापत आहेत. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. हळदीकुंकवाला बोलावणे असले की तिळगूळ वाटायला मी पुढे असते, पण भाषणाचा प्रसंग माझ्यावर आजवर आला नव्हता. म्हणून घरी वहीत लिहून आणले आहे आणि तेच वाचून दाखवते. काही चुकले तर पदरात घ्या.

हा विषय माझ्या गळ्यात कसा पडला ते आधी सांगते. या स्मरणिकेसाठी सर्व सभासद भगिनींचे फोटो मागवले होते. आले ते पाहून आपल्या चिटणीस बाईंना हसावे की रडावे ते कळेना. निम्म्याहून अधिक जणींनी आधार कार्डावरचाच फोटो पाठवला होता. काहींनी लग्नातल्या घोळक्यातून आपले डोके तेवढे कापून दिले होते, त्यामुळे खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात राहिला होता. दोघी-तिघींनी तर साफ सांगितले, “माझा फोटो चांगला येतच नाही, जागा मोकळी सोडा.” तेव्हा अध्यक्षीणबाई मला म्हणाल्या, “तुमच्या घरी फोटोचे दुकान. बायका कॅमेऱ्यापुढे अशा दगडासारख्या का होतात, आणि तसे होऊ नये म्हणून काय करावे, ते तुम्हीच सांगा.” नाही म्हणण्याची सोय राहिली नाही.

आमचे दुकान म्हणजे मोठा स्टुडिओ नव्हे. रस्त्याच्या कडेची एक खोली, मागे निळा पडदा, एक स्टूल, भिंतीला आरसा, आरशापाशी फणी आणि पावडरचा डबा. १९९८ साली मी लग्न होऊन शेंद्र्याला आले तेव्हा कॅमेऱ्यात रोल घालावा लागे. एका रोलमध्ये ३६ फोटो. एखादीने डोळे मिटले की एक फोटो वाया गेला, आणि तेही रोल धुऊन आल्यावरच कळायचे. यात्रा-जत्रांतही फोटो काढणे व्हायचे. चैत्रात मांगीरबाबाच्या यात्रेला लोक लांबून लांबून येतात. नवस फेडून झाला की सबंध कुटुंब पडद्यापुढे उभे राहायचे. पुढे औद्योगिक वसाहत वाढली तशी ओळखपत्राच्या फोटोंसाठी कामगारांची रीघ लागली. आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, दुकानात गर्दी कमी झाली. पण या सगळ्या वर्षांत एक गोष्ट बदलली नाही. पुरुष येतो, स्टुलावर बसतो, फोटो काढून जातो. बाई आली की आधी पदर, मग केस, मग पुन्हा पदर, आणि “घ्या” म्हटले की चेहरा असा होतो, जणू कुणी रागावलेच आहे.

तिथे माझे काम सुरू झाले. आमचे हे कॅमेऱ्यामागे आणि मी कॅमेऱ्याच्या बाजूला. माझ्या हातून मशीन कधी चालले नाही. समोर बसलेल्या बाईला मोकळे करायचे, एवढेच माझे काम.

हे काम मी कशी शिकले? एका चुकीतून. ती आज तुमच्यापुढे सांगते, कारण चूक चारचौघींत सांगितली की मनावरचे ओझे हलके होते.

माझ्या सासूबाई फार हसऱ्या होत्या. त्यांचे हसणे म्हणजे आधी खांदे हलायचे, मग तळहात तोंडावर जायचा आणि मग डोळ्यांतून पाणी यायचे. पण कॅमेरा दिसला की त्या उठून आत जायच्या. एकदा घरी चार पाहुणे होते, यांनी कॅमेरा आणला. सासूबाई कशाबशा बसल्या. मी सर्वांसमोर मोठ्याने म्हटले, “आई, अहो हसा ना जरा! असं काय तोंड केलंय?” पाहुणे हसले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, उठल्या आणि चुलीपाशी जाऊन बसल्या. त्यानंतर त्या कॅमेऱ्यापुढे कधी बसल्याच नाहीत. २००९ साली त्या गेल्या. दहाव्याला फोटो हवा म्हणून घर शोधले. फोटोचे दुकान असलेल्या घरात सासूचा धड एक फोटो नाही! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. शेवटी मतदार ओळखपत्रावरचा नखाएवढा फोटो मोठा करून घेतला. आज भिंतीवर हार घातलेला आहे तो तोच. त्यात एक कडक, त्रासलेली, परकी बाई आहे. माझी मुले धाकटी होती, त्यांना आजी तेवढीच ठाऊक आहे. ती तशी नव्हती हे मी त्यांना सांगते, पण सांगून कुणाला दिसते का?

त्या दिवसापासून मी “जरा हसा” हे शब्द सोडले.

मैत्रिणींनो, आपण विचार करून पाहा. मुलगी पाच-सहा वर्षांची झाली की आपणच तिला सांगतो, “दात दाखवू नको. खिदळू नको. वर मान करून बघू नको.” तीस-चाळीस वर्षे हे ऐकलेल्या बाईला एका मिनिटात आपण म्हणतो, “वर बघा, दात दिसू द्या, मोकळ्या हसा.” ती कशी हसणार? तिचा चेहरा यंत्राला भीत नाही. यंत्राच्या मागे आणि बाजूला जी माणसे उभी असतात, त्यांच्या नजरेला तो भितो.

ही भीती जुनीच आहे. फ्रान्समध्ये १८३९ साली फोटोची कला जगापुढे आली. त्या वेळी चेहऱ्याचा फोटो निघायला कितीतरी वेळ न हलता बसावे लागे, म्हणून माणसाच्या मानेमागे डोके धरून ठेवणारा लोखंडी आधार लावीत. अशा आधाराला टेकून कोण हसेल? जुन्या फोटोंतली माणसे रागावलेली दिसतात याचे एक कारण हे आहे. मुंबईत १८५४ सालीच फोटो काढणाऱ्यांची मंडळी स्थापन झाली होती, म्हणजे आपल्याकडेही ही कला लवकर आली. पण आपल्या बायका कॅमेऱ्यापुढे यायला फार काळ गेला.

आपला हा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. हैदराबादला लाला दीनदयाळ हे निजामाचे नावाजलेले छायाचित्रकार होते. पडद्यातल्या बायकांचे फोटो कसे काढावेत, हा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी १८९२ साली हैदराबादेत खास बायकांसाठी निराळा स्टुडिओ काढला. सभोवती उंच भिंती. आत पुरुषाला मज्जाव. फोटो काढणारी एक इंग्रज बाई, मिसेस केनी-लेविक, आणि तिच्या हाताखाली बायकाच. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी त्या माणसाला कळले होते की बाईचा चेहरा मोकळा व्हायचा असेल तर आधी तिच्या भोवतीच्या नजरा काढून घ्याव्या लागतात. मला हे आमच्या यांनी वाचून दाखवले तेव्हा वाटले, अरे, आपण आपल्या खोलीत हेच तर करतो!

दादासाहेब फाळके यांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १९१३ साली त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट काढला, तेव्हा तारामतीचे काम करायला एकही बाई मिळाली नाही. शेवटी उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला लुगडे नेसवावे लागले. पण त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या मायलेकी कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या. आई पार्वती झाली, लेक मोहिनी. मी जेव्हा हे ऐकते तेव्हा माझ्या मनात येते की त्या कोवळ्या मुलीला धीर कशाने आला असेल? शेजारी आई होती. म्हणून आमच्या दुकानात एखादी मुलगी फार बावरली तर मी विचारते, “तुझ्याबरोबर कोण आलं आहे? ज्यांच्याजवळ तुला बरं वाटतं त्यांना इथं बसव, बाकीच्यांना बाहेर जाऊ दे.” कधी कधी ती मैत्रिणीला ठेवते आणि आईलाच बाहेर पाठवते. तेही चालते.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगते. ह्या गोष्टी पुस्तकातल्या नाहीत, दुकानात बसून सुचलेल्या आहेत.

पहिली गोष्ट, घाई करू नका. आलेल्या बाईला आधी पाणी द्या, दोन शब्द बोला. चालून आलेल्या बाईचा श्वास वर चढलेला असतो आणि तो फोटोत उतरतो. दुसरी गोष्ट, बघे हटवा. दारात उभी राहून “अगं, मान सरळ कर” असे सांगणारी जाऊबाई असेल तर फोटो बिघडलाच म्हणून समजा.

तिसरी गोष्ट, हात. घाबरलेल्या माणसाला आपल्या हातांचे काय करावे ते कळत नाही, ते मुठी वळतात, पदराचे टोक पिळतात, आणि हाताचा ताण थेट मानेत जातो. आपल्या बायकांचे हात कधी रिकामे राहिले आहेत का? मग फोटोपुरते तरी ते रिकामे का ठेवायचे? मी हातात काही तरी देते. वाती वळायला कापूस, निवडायला मेथी, नातवाचे टोपडे. हात कामाला लागले की खांदे आपोआप खाली येतात.

चौथी गोष्ट, एका वेळी एकच सांगा. “हनुवटी वर, डोळे इकडे, पाठ ताठ, हसा” असे एका दमात सांगितले तर शिकलेलीही गोंधळेल. त्याहून चांगले म्हणजे सांगूच नका, करून दाखवा. मी स्वतः स्टुलावर बसते आणि म्हणते, “हे बघा, मी अशी बसले.” मी वाकडीतिकडी बसले की ती हसते आणि मग माझ्यापेक्षा नीट बसते.

डोळे मिटण्याची सवय पुष्कळ जणींना असते, विशेषतः झगमग दिवा लागला की. त्यांना मी सांगते, “डोळे मिटून घ्या, श्वास सोडा, आणि तीन म्हटलं की उघडा.” उघडलेले डोळे ताजे असतात, सकाळी उठल्यासारखे. उजेडही महत्त्वाचा. दुपारी बारा वाजता अंगणात उभे केले तर कुणाच्याही कपाळाला आठ्या पडणार, आणि उन्हाची आठी फोटोत रागाची होते. त्यापेक्षा सकाळी खिडकीशी किंवा ओसरीच्या सावलीत बसवावे.

आणि एक गंमत सांगते. “झालं, काढला फोटो” असे म्हटले की बाई सुटकेचा श्वास टाकते आणि तिचा खरा चेहरा तेव्हा दिसतो. आमचे हे त्या क्षणाला टपून असतात. पण असा फोटो काढला तर तो तिला लगेच दाखवायचा आणि आवडला तरच ठेवायचा, असा मी नियम केला आहे. विश्वासाने बसलेल्या माणसाला फसवून आणलेले हसू घरात ठेवू नये.

हसण्याबद्दल माझ्या लेकीने मला एक माहिती वाचून दाखवली. द्युशेन नावाच्या एका फ्रेंच डॉक्टराने १८६२ साली हसण्यावर लिहून ठेवले आहे. ओठ आपण मनाने ओढू शकतो, पण खऱ्या आनंदाने हसताना डोळ्यांभोवतीचा जो स्नायू आवळतो, तो आपल्या हुकमात नाही, आनंद झाला तरच तो हलतो, असे त्याचे म्हणणे. म्हणजे बघा, नुसत्या हुकमाने ओठ तेवढे हसतात. डोळ्यांना हसवायचे तर आनंदाचे काही तरी त्यांच्यापुढे ठेवावे लागते.

म्हणून मी माहेरची गोष्ट काढायची. “तुमचं माहेर कुठलं? लहानपणी कुठल्या झाडावर चढत होतात?” बहुतेक जणींचा चेहरा उजळतो. पण इथेही एकदा ठेच लागली. एका भगिनीला मी असेच माहेराबद्दल विचारले आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. पंधरा दिवसांपूर्वी तिची आई गेली होती. मी तिच्याजवळ बसले, फोटो त्या दिवशी काढलाच नाही. तेव्हापासून मी आधी चेहरा बघते, मग विचारते. एकच किल्ली सगळ्या कुलपांना लागत नाही.

आता आपल्या बचत गटाची हकीकत. हिच्यात आपल्यातल्याच कितीतरी जणी होत्या, तेव्हा खोटे सांगायची सोय नाही. पापड, शेवया आणि काळ्या मसाल्याच्या पाकिटांवर बायकांचा फोटो छापायचा ठरले. शहरातून एक फोटोवाले बोलावले. त्यांनी सगळ्या जणींना सारख्या साड्या नेसवल्या, ओळीत उभे केले, प्रत्येकीच्या हातात पाकीट दिले आणि ओरडू लागले, “स्माइल! स्माइल! अहो मावशी, तुम्ही मॉडेल आहात आज!” आठवते का? आपण सगळ्या अशा दिसत होतो, जशा पोलीस ठाण्यात उभ्या केल्या आहेत. एक काकू तर हसू दाबून दाबून लाल झाल्या. ते फोटो कुणालाच आवडले नाहीत आणि पैसे गेले ते गेलेच. त्या फोटोवाल्यांना मी वाईट म्हणत नाही, त्यांना यंत्राची विद्या चांगली होती. पण पापड लाटणारी बाई पाकीट धरून कधी उभी असते का? तिचे रूप लाटण्याशी आहे.

पुढच्या खेपेला आमच्या यांनी फोटो काढले. मी एवढेच केले की रोजच्याप्रमाणे सकाळी पिठाचा उंडा मळून घ्यायला सांगितला, पोळपाट मांडले, आणि नव्या साड्या परत पेटीत ठेवायला लावल्या. पहिला अर्धा तास हे नुसते कोपऱ्यात बसून राहिले. कॅमेरा मांडीवर होता, पण फोटो एकही काढला नाही. जणी लाटू लागल्या, गप्पा रंगल्या, कुणाचा पापड नकाशासारखा झाला म्हणून थट्टा झाली. ह्यांचा सर्वांना विसर पडला तेव्हा फोटो सुरू झाले. आज पाकिटावर जो फोटो आहे तो त्या दिवशीचा. त्यातली एकही जण कॅमेऱ्याकडे बघत नाही, तरी दुकानदार विचारतो, “या बायका इतक्या खुशीत कशा हो?”

पण याचा अर्थ असा घेऊ नका की चांगला फोटो म्हणजे हसरा फोटो. मंडळाची सहल अजिंठ्याला गेली होती, तेव्हा पहिल्या लेण्यात आपण पद्मपाणीचे चित्र पाहिले. तिथे झगमग दिव्याने फोटो काढू देत नाहीत ते बरेच आहे, त्यामुळे आपण डोळ्यांनी तरी नीट पाहतो. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचे ते चित्र. हातात निळे कमळ, मान एका बाजूला जराशी कललेली, पापण्या खाली. तो हसत नाही, आपल्याकडे बघतही नाही. तरी त्याच्यापुढे उभे राहिले की आपण हळू आवाजात बोलू लागतो. पापण्या, मान आणि बोटे, एवढ्यात केवढी करुणा! कीर्तनकार नऊ रस सांगतात, आपण मात्र फोटोसाठी एकच रस ठरवून टाकला आहे, दात दाखवण्याचा.

गौतम राजाध्यक्ष म्हणून मुंबईचे मोठे छायाचित्रकार होऊन गेले. आधी त्यांनी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले, मग जाहिरातीच्या धंद्यात गेले आणि पुढे नट-नट्यांचे, गायकांचे फोटो काढून नाव मिळवले. २०११ साली ते वारले. ‘चेहरे’ नावाचे त्यांचे पुस्तक आहे. आमच्या यांनी ते एकदा एका स्नेह्याकडे मला दाखवले होते. एवढी नावाजलेली माणसे, पण फोटोत भपका दिसत नाही. मऊ उजेडात माणूस आपल्यापाशीच असल्यासारखा शांत दिसतो. मला त्या दिवशी उमगले की ज्यांचे आयुष्य कॅमेऱ्यापुढे गेले त्यांचाही खरा चेहरा यायला समोर एक विश्वासाचे माणूस लागते. मग आपल्यासारख्यांना ते लागते यात लाजायचे कशाला?

आता शेवटची गोष्ट सांगते. ही सांगताना मला अजून वाईट वाटते.

एक मुलगी लग्नाच्या फोटोसाठी आमच्याकडे आली. सावळी, तरतरीत, नाकेली. तिच्याबरोबरच्या आत्याबाईंनी हट्ट धरला, “गोरी करून द्या.” हे तयार नव्हते. मीच म्हटले, “अहो, द्या करून, एका पोरीचं भलं होईल. सगळेच करतात.” त्यांनी संगणकावर तिचा रंग उजळून दिला. फोटो देखणा झाला. तो पाहून मंडळी मुलगी पाहायला आली. त्यांच्यातल्या एका बाईने तो फोटो पिशवीतून काढून मुलीच्या चेहऱ्याशेजारी धरला आणि म्हणाली, “ही तीच का?” मुलगी पोह्यांचा ताट तिथेच ठेवून आत निघून गेली. ही हकीकत मला तिच्या आईकडून कळली. त्या रात्री मला जेवण गेले नाही. ते शब्द त्या बाईचे होते, पण त्यांची सोय मी करून दिली होती.

दीड-दोन वर्षांनी ती मुलगी एकटीच दुकानात आली. तिला वसाहतीतल्या एका कारखान्यात नोकरी लागली होती, ओळखपत्राला फोटो हवा होता. स्टुलावर बसली आणि मला म्हणाली, “काकू, या वेळी मी जशी आहे तशीच काढा.” मी तिला पाणी दिले नाही, माहेरचे विचारले नाही, काहीच केले नाही. माझ्याच्याने बोलवेना. ती सरळ कॅमेऱ्यात बघत होती. हसली नाही. यांनी एकच फोटो काढला. आमच्या दुकानातून आजवर जितके फोटो गेले, त्यांत मला तो सर्वांत चांगला वाटतो. तिच्या मनात जे होते ते तिच्या चेहऱ्यावर होते. आणखी कुठला भाव आणायचा?

म्हणून माझे सांगणे इतकेच की, योग्य भाव म्हणजे बघणाऱ्याला आवडेल तो नव्हे. जिचा चेहरा आहे तिचा जो असेल तो. आपण फक्त तिच्या वाटेतले खडे उचलायचे. आज मोबाइलमुळे आपण सगळ्याच फोटो काढणाऱ्या झालो आहोत. तेव्हा आणखी एक पथ्य पाळा. कुणाचाही फोटो मंडळाच्या ग्रुपवर किंवा आणखी कुठे टाकण्याआधी तिला विचारा. नको म्हणाली तर “त्यात काय एवढं” असे म्हणू नका. ज्या बाईला ठाऊक आहे की माझा फोटो माझ्या मर्जीवाचून कुठे जाणार नाही, तीच दुसऱ्या दिवशी मोकळी बसते.

मंडळाने एक चांगला ठराव केला आहे. येत्या रविवारपासून दर आठवड्याला आपल्या गावातल्या, साठी ओलांडलेल्या बायकांचे फोटो त्यांच्या घरी जाऊन काढायचे. पैसे घ्यायचे नाहीत. हे कॅमेरा घेऊन येतील, मी येईन, आणि माझ्याबरोबर दर वेळी दोन भगिनी हव्या आहेत. गप्पा मारता येतात त्यांनी नावे द्यावीत, आणखी काही येण्याची जरुरी नाही. ज्यांच्या घरी सासू, आई, आजी आहेत त्यांनी त्यांना आधी सांगून ठेवा. पैठणी नेसवू नका, रोजचे लुगडे असू द्या. कपाळाला काय लावायचे, काय नाही, डोक्यावर पदर घ्यायचा की नाही, ते त्यांचे त्यांना ठरवू द्या. आणि नातवंडांना शेजारी बसू द्या.

कुणी आजी म्हणतील, “आता या वयात फोटो कशाला, हार घालायला का?” माझ्या सासूबाई असे म्हणायच्या आणि मी त्यांना उत्तर देऊ शकले नाही. तुम्ही उत्तर द्या. म्हणा, “नाही आजी, तुम्ही आत्ता कशा दिसता ते तुम्हालाच दाखवायला.” फोटो निघाला की पहिली प्रत त्यांच्या हातात ठेवा. आपलाच मोकळा चेहरा पहिल्यांदा पाहणाऱ्या बाईला जो आनंद होतो, तो मी पाहिला आहे. एका आजीने आपला फोटो कितीतरी वेळ डोळ्यांशी धरला आणि म्हणाली, “अगं बाई, मी माझ्या आईसारखी दिसते की!”

माझ्या घरातला तो एक फोटो आता कधीच निघणार नाही. तुमच्या घरातले निघू शकतात.